डॉक्टरांची पोटवाली गिटार

डॉक्टरांना गिटार वाजवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. आली असती तर मला एवढं लागलं नसतं.

ते जनावरांचे डॉक्टर. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली. मूर्तिजापूर, भातकुली, धामणगाव अशा बदल्या घेत घेत शेवटी अमरावतीत घर बांधून राहिले. आता ते मुलीकडे बंगळूरला असतात आणि गिटार अर्थातच त्यांच्याबरोबर आहे. मधूनमधून फोन येतो. त्यात ते तब्येतीबद्दल बोलत नाहीत, गिटारबद्दल बोलतात, आणि मी ऐकून घेतो.

माझा गिटारचा क्लास आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली झेरॉक्सचं दुकान. डॉक्टरांच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना एका दुपारी ते शिकायला म्हणून दारात उभे राहिले. मी नुकताच आडवा झालो होतो. त्यांनी नमस्कार केला, पण नजर माझ्याकडे नव्हती. भिंतीवर माझी इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती, तिच्याजवळ गेले आणि बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक केलं. कान जवळ नेला. पुन्हा टकटक.

"हे तं भरीव हाये," ते म्हणाले. "याले पोटच नाई."

मी उठून बसलो आणि समजावलं. इलेक्ट्रिक गिटारला पोट लागत नाही. तारेखाली पिकअप असतात, ते तारेचं थरथरणं ओढून घेतात, आवाज तिकडून अ‍ॅम्पमध्ये जातो.

"मंग आवाज राह्यते कुठं?"

"राहत नाही. जातो."

"थेच म्हणतो मी," डॉक्टर म्हणाले. "राह्यला पायजे."

टकटक करून पाहायची त्यांची सवयच होती. गायीचं पोट फुगलं की डाव्या बाजूला बरगडीमागं असंच वाजवून पाहतात. ढोलासारखा आवाज आला की समजायचं, आत वायू धरलाय. जन्मभर ते केल्यामुळे डॉक्टरांची बोटं कुठंच गप्प बसत नसत. कुणाच्या घरी गेले की दार, टेबल, पाण्याची टाकी, सगळं वाजवून घ्यायचे. एका लग्नात वधूपक्षानं दिलेलं कपाट त्यांनी सगळ्यांसमोर वाजवलं आणि नवरदेवाच्या बापाला सांगितलं, "पत्रा पातळ हाये बरं का." वधूच्या घराशी त्यांचा संबंध तिथंच संपला. डॉक्टरांना त्याचं काहीच वाटलं नाही. खरं ते सांगितलं, पुढं काय झालं ते ज्याचं त्यानं पाहावं, असा एकूण हिशेब.

समजावून सांगायची मला खोड आहे. त्या खोडीनं मी त्यांना सांगून बसलो की पोटवाली इलेक्ट्रिक गिटारही असते. होलोबॉडी म्हणतात तिला. आतून पूर्ण पोकळ, वर व्हायोलिनसारख्या दोन वळणदार फटी, आणि पिकअपही. जुन्या काळच्या असल्या गिटारी आता मिळत नाहीत. मिळाल्या तरी आपल्या भागात कुठून.

"तुमी पाह्यली काय?"

"एक पाहिली आहे," मी म्हणालो. तिथंच थांबलो. पण चेहऱ्यावर काही आलं असावं, कारण डॉक्टरांनी माझ्याकडे, आजारी जनावराकडे पाहावं तसं, जरा वाकून पाहिलं.

ती गिटार अकोल्यात होती. मी शाळेत असताना अकोल्याला मामाकडे गणपती पाहायला गेलो होतो. चौकात ऑर्केस्ट्रा होता. त्यात रेल्वेत नोकरीला असलेले एक काका गिटार वाजवत होते. मधासारख्या रंगाची, कडेला काळसर होत गेलेली ती गिटार त्यांनी मुंबईत कुण्या खलाशाकडून घेतली होती म्हणे. आवाज टोकदार नव्हता. मडक्यात तोंड घालून कुणी हळू बोलावं, तसा गोल होऊन बाहेर यायचा. मी गर्दीतून पुढं सरकत सरकत स्टेजला पोट लावून उभा राहिलो आणि कार्यक्रम संपेपर्यंत हललो नाही. त्या दिवसापासून ती गिटार माझी होती. फक्त अजून माझ्याकडे आली नव्हती.

मग मी पुण्याला गेलो. तिथं ऑर्केस्ट्रात, स्टुडिओत, हॉटेलात वाजवलं. परत आलो तोवर ते काका वारले होते. काकू एकट्याच रेल्वे लाइनच्या बाजूला जुन्या घरात राहत होत्या. मी ओळख काढून गेलो. गिटार पलंगाखाली लुगड्यात गुंडाळलेली होती. काकूंनी ती काढून दिली, मी सुरात लावली, थोडं वाजवलं, पुन्हा गुंडाळून ठेवली. त्यानंतर अकोल्याला कामानं गेलो की मी काकूंकडे जायचोच. काम नसलं की काम काढायचो. जाताना संत्री न्यायचो. काकू चहा करायच्या. मी काकांच्या आठवणी काढायचो, गिटारची निगा कशी ठेवावी ते सांगायचो, दमट हवेनं लाकूड कसं फुगतं ते सांगायचो. विकता का, असं मात्र विचारलं नाही. गेलेल्या नवऱ्याची वस्तू. आपण तोंड उघडायचं आणि बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं, हे काही बरं दिसत नाही. कधीतरी त्याच म्हणतील, तुम्हीच ठेवा आता. पुण्यात मी हे शिकलो होतो. हवी ती गोष्ट सोडून बाकी सगळ्या गोष्टींबद्दल बोलायचं, म्हणजे समोरच्याला कळतं.

अशी बरीच वर्षं गेली.

डॉक्टरांचं शिक्षण सुरू होतं, म्हणजे ते येत होते. तीन कॉर्ड आल्यावर त्यांना चौथी नको झाली. तालात ते कधी पुढं पळायचे, कधी मागं राहायचे. बोटं जाड, तारेवर पडली की शेजारची तार दाबली जायची. पण एखादी कॉर्ड स्वच्छ लागली की ते तिथंच थांबायचे, हात उचलायचे आणि स्वतःलाच म्हणायचे, "वा." गाणं अर्धवट राहायचं. मी म्हणायचो, डॉक्टर, पुढं चला. ते म्हणायचे, "थांबा ना बाप्पा, आवाज अजून हाये." आणि तो विरेपर्यंत डोळे मिटून बसायचे. मी इतकी वर्षं वाजवतोय, माझ्या वाजवण्याला मी कधी 'वा' म्हटलेलं मला आठवत नाही.

एकदा त्यांना अकोल्याला कृषी विद्यापीठात काम होतं. "चलता काय सर, गाडी रिकामीच हाये," म्हणाले. मी गेलो. त्यांचं काम आटोपल्यावर मी म्हटलं, मला एका ठिकाणी पाच मिनिटं जायचंय, तुम्ही गाडीत बसा. मे महिना होता. ते म्हणाले, "गाडीत शिजून जाईन मी," आणि माझ्या मागोमाग काकूंच्या घरात शिरले.

नेहमीसारखं सगळं झालं. संत्री त्या दिवसांत नव्हती, म्हणून आंबे दिले. काकूंनी गिटार काढली. मी सुरात लावली, थोडं वाजवलं. डॉक्टर खुर्चीच्या काठावर येऊन बसले होते. मी थांबल्यावर त्यांनी हात पुढं केला, गिटार मांडीवर घेतली, पालथी केली आणि पाठीवर टकटक केलं. मग कान लावला. चेहरा असा झाला, जसा मी कुणाचाच पाहिला नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "हे विकता काय?"

माझा चहाचा कप ओठाशी होता, तो तिथंच राहिला.

"विकाचीच हाये ना," काकू म्हणाल्या. "मी काय करू तिचं? पलंगाखाली झाडू माराले अडचण होते."

"काकू," मी म्हणालो, "तुम्ही कधी बोलल्या नाहीत."

"तुमी कधी इचारलं?" त्या सरळपणानं म्हणाल्या. "तुमी येता, वाजवता, चहा घेता, जाता. मले वाटे, तुमाले माह्या हातचा चहा आवडते."

किंमत तिथल्या तिथं ठरली. ती ऐकू येऊ नये म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. आतून काकूंचं हसणं ऐकू येत होतं. निघताना त्यांनी ते लुगडंही डॉक्टरांना दिलं. माझ्यापुढं मी आणलेल्या आंब्यांतला एक आंबा कापून ठेवला.

परत येताना डॉक्टरांनी गिटार मागच्या सीटवर झोपवली आणि तिला पट्टा लावला. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तर ते तिला गाडीत ठेवायला तयार होईनात. "तापन ना," म्हणाले. मग टपरीसमोरच्या बाकड्यावर एका बाजूला ते, एका बाजूला मी, मध्ये ती. चहावाल्यानं विचारलं, काय आहे. डॉक्टरांनी लुगडं बाजूला करून त्याला दाखवलं, पोट वाजवून दाखवलं, आणि म्हणाले, "ह्या सरांनी शोधली. मी फकत घेतली." हे ते मनापासून म्हणत होते. त्यामुळे मला रागावण्याचीही सोय राहिली नाही.

"डॉक्टर, मला ती हवी होती," असं मी बडनेरा आल्यावर म्हणालो. म्हणजे म्हणायचं ठरवलं होतं, तोंडातून निघालं ते असं, "डॉक्टर, तिला उन्हापासून जपा."

"हो ना," ते म्हणाले.

त्यानंतर डॉक्टर जे सुखात राहिले, ते मी जवळून पाहिलं. निवृत्त झाल्यावर तर रोज चार वाजता व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. अ‍ॅम्प बहुतेक वेळा बंदच, कारण मग पोटातला आवाज नीट ऐकू येतो. त्यांच्या पत्नी, वहिनी, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या मला म्हणाल्या, "सकाळी उठल्यावर आधी तिचं तोंड पाह्यतेत, मग माहं. मी काही म्हणत नाई. तिले तरी चश्मा सापडून द्या लागत नाई." पोकळ गिटारचा एक अवगुण असतो. अ‍ॅम्प मोठा करून त्याच्या समोर उभं राहिलं की ती आपोआप घुमायला लागते आणि हुंकारासारखा लांब आवाज काढते. वाजवणारे त्याला घाबरतात. डॉक्टरांना तो एकदा चुकून सापडला. त्यांनी मला फोन करून बोलावलं.

"सर, हे पाहा. हंबरून राहिली."

मग ते अ‍ॅम्पकडे दोन पावलं जायचे, ती हंबरायची. मागं यायचे, ती गप्प व्हायची. पुन्हा पुढं. शेजारच्या गच्चीवरची बाई वाळवण सोडून पाहत होती. मी म्हणालो, डॉक्टर, हा दोष आहे, अ‍ॅम्पपासून लांब बसा. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा पुढं गेले.

शर्टाच्या बटणानं तिच्या पाठीवर ओरखडे पडायला लागले. माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. मी एक मऊ कापड नेऊन दिलं, वाजवताना मध्ये धरा म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "गायीले रुमाल बांधून कोणी धार काढते काय?"

आणि ती मला वाजवायला द्यायला त्यांनी कधीही नाही म्हटलं नाही. आलो की आधी माझ्या हातात. तारा बदलायच्या असल्या की, "ठेवा ना तुमी घरी आठ रोज." मी घरी आणायचो. दार लावून वाजवायचो. आणि काय सांगू, ती माझ्या हातात सोन्यासारखी वाजायची. ज्या जागा डॉक्टरांना सात जन्मांत सापडल्या नसत्या, त्या मला नुसत्या बोट ठेवल्यावर मिळायच्या. पण आठवडा संपायचा. परत नेऊन दिली की डॉक्टर ती तीन कॉर्ड छेडायचे, थांबायचे, म्हणायचे, "वा. भल्ली गोड लावली तुमी." मला वाटायचं, ही माणसं हिसकावूनही घेत नाहीत, की आपल्याला ओरडता यावं.

मग त्यांच्या हाताला लागलं.

निवृत्तीनंतरही ते आपल्या गावी, मूर्तिजापूरजवळ, आठवड्यातून एकदा जनावरं पाहायला जायचे. एका गोऱ्ह्याला इंजेक्शन देताना तो उधळला आणि दोराचा वेढा डॉक्टरांच्या डाव्या हाताला बसला. दोन बोटं गेल्यातच जमा, तिसरं वाकेना. मी भेटायला गेलो तेव्हा हात पट्ट्यांत, आणि डॉक्टर खिडकीकडे तोंड करून पडलेले. गिटार कोपऱ्यात उभी होती. मी त्यांची चौकशी केली. दवाखान्यात काय सांगितलं, गोळ्या कोणत्या, झोप येते का. हे सगळं मी विचारत होतो आणि माझी नजर कोपऱ्यात जात होती. ती वळवायचा मी प्रयत्न केला असं नाही.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. "सर, तिले घेऊन जा तुमी," म्हणाल्या. "नजरेसमोर राह्यली का त्याइचा जीव तुटते. तुमच्याकडं वाजन तरी."

मी एकदाही 'कशाला' म्हटलं नाही. रिक्षा करून आणली.

गिटार ठेवायची नवी केस घेतली, आत मखमल असलेली. तारा बदलल्या. पाठीवरचे ओरखडे मेणानं घासून बुजवले. क्लासच्या भिंतीवरची माझी भरीव गिटार काढून कपाटात टाकली आणि ही तिथं लावली. विद्यार्थ्यांना हात लावू दिला नाही. बायको म्हणाली, "तुम्ही आजकाल गुणगुणता." ते महिने चांगले गेले. डॉक्टरांकडे जायचं मी कमी केलं. त्यांना आठवण नको, असं स्वतःला सांगून.

पाऊस संपला होता, ऊन तापत होतं, अशा एका दुपारी ते जिना चढून आले. हात बरा दिसत होता, पण दोन बोटं तशीच आखडलेली. करंगळीशेजारच्या बोटात काचेची नळी घातलेली होती. जुन्या काळची, जनावरांना टोचायची जाडजूड काचेची सिरिंज असते, तिची नळी. टोकं कुठल्याशा लॅबमधून कापून, घासून आणली होती.

"आणा इकडं," ते म्हणाले.

मी दिली. त्यांनी ती मांडीवर धरली आणि ती काच तारेवरून घसरत नेली. कॉर्ड नाही, बोटं नाही, नुसती काच. आधी खरखर झाली. मग एक स्वर कुठून तरी खालून निघाला, चढत गेला, हवा होता तिथं पोचला नाही, जरा अलीकडेच थांबला आणि थरथरत राहिला. ते मडक्यातलं बोलणं होतं ना, त्याला आता गळा फुटला होता. रस्त्यावरच्या हातगाडीवाल्याची हाक खोलीत येत होती. ती आणि हा स्वर काही वेळ एकमेकांत मिसळले.

डॉक्टर 'वा' म्हणाले नाहीत. माझ्याकडे पाहत होते.

"काच पडद्याच्या पट्टीले घासते," ते म्हणाले. "तारा वर घ्या लागन. घेता काय सर?"

तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या दोन बाजूंना दोन बारीक चाकं असतात. ती फिरवली की तारा उचलल्या जातात. काचेला त्या सोप्या होतात, बोटांना अवघड. मी ज्या तऱ्हेनं वाजवतो, तसं त्या उंचीवर जवळजवळ होत नाही. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. मी आधी एक चाक फिरवलं, मग दुसरं. ते म्हणाले, अजून थोडं. मी अजून थोडं फिरवलं. केस मी देऊन टाकली. गिटारशिवाय ती माझ्याकडे ठेवून मी काय करणार होतो?

पुढच्या बुद्धपौर्णिमेला त्यांच्या गावी विहाराच्या नव्या सभागृहात सकाळचा कार्यक्रम होता. डॉक्टरांनी मला नेलं. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, टोप्या घातलेले म्हातारे, मागं पोरांचा गलका. गावचीच गाणारी मंडळी, एक पेटी, एक ढोलकी, आणि डॉक्टर. गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये ते काच फिरवायचे. सूर कधी लागायचा, कधी नाही. पण गाणारी बाई त्यांच्यासाठी थांबायची. ढोलकीवाला त्यांच्याकडे पाहून ठेका सांभाळायचा. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, ते मला सांगत होते, "माही म्हैस अडली होती, हेच आले होते," आणि मान डोलावत होते.

मध्येच डॉक्टरांनी माइक घेतला. "हे माहे गुरू," ते माझ्याकडे हात करून म्हणाले. "ह्याइचं ऐका. मी तं असाच." आणि सगळ्यांसमोर गिटार माझ्या हातात दिली.

मी वाजवलं. तारा उंच होत्या, बोटं कापली गेली, तरी चांगलं वाजवलं. एकही सूर खाली पडला नाही. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई, कसलाही आकस नसलेल्या आवाजात, मला म्हणाल्या, "छान होतं जी. आता डॉक्टरले द्या."

मी दिली.

परतताना गाडी मी चालवत होतो, कारण हातामुळे त्यांना लांबचं जमत नसे. ऊन चढलं होतं. शेतं नांगरून पडली होती. गाव मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "सर, खरं सांगा. कसं झालं?"

"दोन ठिकाणी सूर उतरला," मी म्हणालो.

"कुठं?"

ती ओळ मी म्हणून दाखवली, जशी असायला हवी तशी. त्यांनी लक्ष देऊन ऐकली, मान हलवली आणि स्वतः म्हटली. नेमकी त्याच दोन ठिकाणी उतरली. मी पुन्हा म्हणून दाखवली. ते पुन्हा तिथंच उतरले, आणि खुशीत खिडकीबाहेर पाहायला लागले. थोड्या वेळानं त्यांची मान कलली. झोप लागली होती.

मी ती ओळ हळू आवाजात घेतली. डॉक्टर घेतात तशी घ्यायची होती, त्या जागी जरा अलीकडेच थांबायचं होतं. पहिल्यांदा घेतली, जमलं नाही. पुन्हा घेतली. बडनेऱ्याच्या पुलापर्यंत मी प्रयत्न करत होतो. प्रत्येक वेळी गळा आपोआप जाऊन बरोबर सुरावर बसत होता.